पट्टी कुणाच्या डोळ्यांवर?

आंधळ्या कोशिंबिरीची सगळी गंमत एका फडक्यावर चालते. ज्याच्यावर राज्य त्याच्या डोळ्यांवर ते बांधायचे आणि बाकीच्यांनी उघड्या डोळ्यांनी त्याला चकवायचे. कुणी हौसेने सगळ्यांच्याच डोळ्यांवर फडकी बांधली, तर दोन मिनिटांत टाळकी एकमेकांवर आपटतील आणि खेळ मोडेल. पोराटोरांना न सांगता कळणारी ही गोष्ट डोके लढवून खेळणारी मोठी माणसे मात्र विसरतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या कुळातल्या टेबलावरच्या खेळांत धुके पसरवणारे, काळोख पाडणारे मंत्र असतात. ते वापरणाऱ्याला वाटते, शत्रू आंधळा झाला की अर्धी लढाई जिंकली. बऱ्याचदा तो आपल्याच सोबत्यांना आंधळे करून बसतो आणि मग हे मंत्र कुचकामी आहेत असा शेरा मारून मोकळा होतो. माझ्या मते खोट मंत्रात नाही, तो मारण्याआधी जे करायला हवे ते न करण्यात आहे. नजर अडवणे हा एक सौदा आहे आणि त्यात आपलेही डोळे गहाण पडतात. या सौद्यात नफा कुणाला होतो, हे कळायला नियमपुस्तकाइतकाच महाड-पोलादपूरचा मुलूख उपयोगी आहे. सतराव्या शतकात तिथे आणि तिथल्या माणसांनी इतरत्र ज्या लढाया केल्या, त्यांतल्या बऱ्याचशा ‘कोण कुणाला दिसतो’ याच प्रश्नावर सुटल्या.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो: कुणी तलवारबाज, कुणी तिरंदाज, कुणी मांत्रिक. एक जण सूत्रधार होतो. जग त्याचे, शत्रू त्याचे, निवाडाही त्याचाच. घाव लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी हा खेळ १९७४ मध्ये छापला, पण त्याचे मूळ युद्धाभ्यासात आहे. रायस्वित्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याने १८२४ मध्ये लष्करासाठी नकाशावरचा युद्धखेळ बसवला. त्याची मोठी करामत म्हणजे मध्ये बसवलेला पंच. शत्रूची जी तुकडी तुमच्या माणसांना दिसणे शक्य नाही, ती पंच तुमच्या नकाशावर मांडतच नसे. बुद्धिबळात समोरच्याचा हत्ती कुठे आहे हे लपत नाही. इथे मात्र न दिसणे हाच खेळाचा भाग झाला. आजच्या खेळातला सूत्रधार त्या पंचाचाच वंशज आहे. म्हणून नजर अडवणारे मंत्र हा या खेळातला किरकोळ मसाला नाही. खेळाच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तोच ते उकरून काढतात.

आता हिशेब पाहू. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘फॉग क्लाउड’ हा अगदी पहिल्या पातळीवरचा मंत्र आहे. तो २० फूट त्रिज्येचा धुक्याचा गोळा तयार करतो. पाच फुटांचा एक चौकोन धरला, तर पटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ चौकोन धुक्याखाली जातात. त्यात शिरलेल्याला काही दिसत नाही आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. जो आपल्याला दिसत नाही त्याच्यावर घाव घालताना फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा, ही वाईट बाजू. आपण ज्याला दिसत नाही त्याच्यावर घाव घालताना दोनदा टाकून जास्तीचा आकडा धरायचा, ही चांगली बाजू. समजा, घाव लागायला ११ किंवा त्यावर दान हवे आहे. साध्या फाशाने ते १०० पैकी ५० वेळा पडते, चांगल्या बाजूने ७५ वेळा आणि वाईट बाजूने २५ वेळा. धुक्यात उभे असलेले दोघे एकमेकांना दिसत नाहीत, म्हणजे दोघांनाही चांगली आणि वाईट अशा दोन्ही बाजू लागू होतात. नियम म्हणतो, अशा वेळी दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि फासा एकदाच टाकायचा. म्हणजे पुन्हा ५०. मंत्र खर्ची पडला, मांत्रिकाची पाळी गेली, आणि घाव लागण्याची शक्यता होती तिथेच राहिली. एवढा धूर करून हाती आले शून्य.

हे शून्य पाहून पुष्कळ खेळाडू वैतागतात आणि नियमच वेडगळ आहे म्हणतात. मला तो शहाणा वाटतो. सगळ्यांना सारखे आंधळे केले तर कुणाचाच फायदा होत नाही, हे आंधळ्या कोशिंबिरीचे सत्य त्याने आकड्यांत मांडले आहे. मंत्र कामाला लागतो तो हा समतोल मोडला की. ‘डार्कनेस’ हा दुसऱ्या पातळीवरचा मंत्र १५ फूट त्रिज्येचा काळोख पाडतो. अंधारात पाहू शकणाऱ्या साध्या डोळ्यांनाही तो भेदता येत नाही. पण ‘वॉरलॉक’ जातीच्या मांत्रिकाला अशा जादुई काळोखातही पाहण्याची शक्ती मिळवता येते. मग त्याचे घाव ७५ च्या भावाने पडतात आणि त्याच्यावरचे २५ च्या. कागदावर ही जोडी अजिंक्य दिसते. टेबलावर मात्र तो काळोख घेऊन सोबत्यांच्या मधोमध जाऊन उभा राहतो; शत्रू चाचपडतात तसे सोबतीही चाचपडतात, आणि चौघांच्या टोळीतले तिघे त्याला शिव्या घालतात. त्याने स्वतःपुरता समतोल मोडला, टोळीपुरता नाही. म्हणून मंत्र हाती घेण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: या काळोखात आमच्यापैकी कुणाला, कशाच्या बळावर वाट सापडणार आहे?

या प्रश्नाचे उत्तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना समोर उभे राहते. प्रतापगड सातारा जिल्ह्यात मोडतो, पण त्याची पश्चिमेची बाजू पोलादपूर तालुक्यावर डोळा ठेवून आहे. महाड बंदरातून निघालेला माल पार घाटाने वर चढून वाईकडे जाई, त्या वाटेवरचा हा पहारेकरी. दोन्ही अंगांनी उतरत गेलेल्या सोंडा, त्यांच्यामधल्या घळी, अंजनी-जांभूळ-हिरड्याची दाटी आणि उतारांवर माणसाच्या डोक्यावरून जाणारी कारवी. कारवीच्या रानात हातभर अंतरावरचा माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. पावसाळ्यात त्यावर धुके उतरले की पुढचे वळणसुद्धा पुसून जाते. निसर्गाने इथे मंत्र आधीच मारून ठेवला आहे आणि त्याला पाळी संपण्याची भीती नाही. पण रान कुणाच्या बाजूचे नसते. नवख्याला ते जसे आंधळे करते, तसेच ते तिथल्या माणसालाही करायला हवे. तसे ते करत नाही, कारण तिथल्या माणसाने ते डोळ्यांनी पाठ केलेले नसते, पायांनी केलेले असते. महाड तालुक्यात रायगडावर सांगितली जाणारी हिरकणीची लोककथा नेमकी हेच सांगते. दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी ती गवळण रात्री कडा उतरली. कथेत तिच्या आईपणाचे कौतुक होते आणि ते व्हावेच. पण गडाच्या अंगाखांद्यावर वावरलेल्या बाईला काळोखात जी वाट सापडली, ती पहारेकऱ्यांना उजेडातही माहीत नव्हती, हेही त्याच कथेत आहे. म्हणूनच त्या जागी पुढे बुरूज बांधावा लागला, असे कथा सांगते.

१० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडची लढाई याच चष्म्यातून पाहावी. आपल्याकडे ती वाघनखांच्या एका क्षणात आटोपली जाते. शामियान्यातला तो क्षण थरारक आहे खरा, पण एक सेनापती पडल्याने अख्खे सैन्य आपोआप बुडत नाही. विजापूरच्या अफझलखानाचे सैन्य गडाखालच्या पारच्या परिसरात तळ देऊन होते. पावसाळा सरला होता, दिवसाचा उजेड होता. त्यांच्या डोळ्यांवर धुके नव्हते की रात्र नव्हती. तरीही भोवतीच्या रानात दबा धरून बसलेले मराठे त्यांना दिसले नाहीत. कोकणातून आणलेले मोरोपंत पिंगळ्यांचे कसलेले पायदळ आणि नेताजी पालकरांची माणसे आधीच जागा धरून बसली होती. या सगळ्याची तयारी त्या दिवशीची नव्हती. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून हा जावळीचा मुलूख घेतला आणि मोरोपंतांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधवून घेतला. म्हणजे खान घाट उतरण्यापूर्वीची तीन वर्षे हे रान कुणाचे हे ठरवण्यात गेली होती. मोरे वतनदार होते तेव्हाही रान तेवढेच दाट होते, पण तेव्हा ते महाराजांच्या माणसांच्या डोळ्यांवरची पट्टी होते. पट्टी तीच राहिली, बांधली गेली ती दुसऱ्याच्या डोळ्यांवर.

यात आणखी एक बारकावा आहे आणि खेळणाऱ्यांनी तो उचलावा. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवले आहे, की खानाच्या येण्यासाठी झाडी तोडून एक रस्ता मोकळा केला गेला आणि बाकीच्या वाटा बंद करण्यात आल्या. नजर अडवणे म्हणजे सरसकट पडदा टाकणे, अशी आपली समजूत असते. इथे पडदा होता आणि त्याला मुद्दाम ठेवलेली एक खिडकीही होती. ज्याला काहीच दिसत नाही तो बिचकतो, थांबतो, मागे फिरतो. ज्याला एकच मोकळी वाट दिसते तो तीच धरतो आणि आपण निवड केली असे समजतो. धुक्याचा गोळा पटाच्या बरोब्बर मधोमध टाकणारा मांत्रिक ही खिडकी विसरतो. तोच गोळा शत्रूच्या तिरंदाजांवर टाकला, तर पुढे आलेले त्यांचे तलवारबाज बिनआधाराचे होतात. खिंडीच्या तोंडाशी टाकला, तर पुढची तुकडी अलीकडे आणि मागची पलीकडे अशी फूट पडते. अर्ध्यांशी आता लढायचे, उरलेल्यांशी नंतर. दोन्ही वेळी आपली माणसे धुक्याबाहेर, उजेडात उभी असतात. मंत्राचा आकार तोच, खर्च तोच. फरक पडतो तो कुठे टाकायचा याचा विचार केल्याने.

डोळे बंद केले की दुसरे काहीतरी उघडावे लागते, आणि ते म्हणजे कान. जावळीच्या रानात लपलेल्यांना शामियाना दिसत नव्हता आणि दिसायला नकोच होता. जिथून त्यांना शामियाना दिसला असता, तिथून तेही दिसले असते. म्हणून खूण ठरली होती ती आवाजाची. भेटीचा निकाल लागताच शिंग वाजायचे आणि गडावरून तोफांचे बार व्हायचे. सगळ्या घळींत एकाच वेळी पोहोचणारी दुसरी खूण नव्हती. खेळाच्या नियमांत हीच गोष्ट वेगळ्या अंगाने येते. तिथे ‘न दिसणे’ आणि ‘लपलेले असणे’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. धुक्यात शिरलेला माणूस दिसत नसला, तरी त्याच्या पावलांच्या आणि चिलखताच्या आवाजावरून तो कुठल्या चौकोनात आहे हे शत्रूला समजते, असे धरले जाते. खरोखर ठावठिकाणा लपवायचा तर त्यासाठी पाळी खर्च करून दबा धरावा लागतो. अनेक टोळ्या मंत्र मारतात आणि आपण गायब झालो असे समजून धुक्यात आरडाओरडा करतात. शत्रूचा घाव अचूक चौकोनात पडला की सूत्रधारावर रुसतात. लढाई सुरू होण्यापूर्वी दोन खुणांचे शब्द ठरवून ठेवायला फार अक्कल लागत नाही, पण ते ठरवणारे थोडेच.

नजर अडवण्याचा सौदा उलटतो कसा, याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या लाल महालात सापडते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज निवडक माणसांसह मोगल सुभेदार शाइस्तेखानाच्या मुक्कामावर शिरले. वाडा महाराजांचा स्वतःचा, बालपण तिथे गेलेले. जावळीचा न्याय लावला तर अंधार पूर्णपणे त्यांच्या बाजूने असायला हवा होता. पण खानाच्या माणसांनी स्वयंपाकघराकडून जनानखान्यात जाणारी वाट विटा-मातीने बुजवली होती. ती फोडताना आवाज झाला आणि लोक जागे झाले. पुढे जनानखान्यातले दिवे कुणीतरी विझवले. जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे, की त्या काळोखात दोन मराठे पाण्याच्या हौदात पडले, आणि त्या गोंधळाचा फायदा घेऊन दासींनी खानाला सुरक्षित जागी हलवले. खानाची बोटे गेली, पण जीव वाचला. छापा घालणाऱ्यांनी अंधारात येण्याचे ठरवले होते. अंधारात शोधण्याचे नाही. शोधायला उजेड लागतो. ज्या क्षणी काम ‘पोहोचणे’ संपून ‘शोधणे’ सुरू झाले, त्या क्षणी काळोखाने बाजू बदलली. तो आता रोज त्या खोल्यांत वावरणाऱ्या बायकांचा झाला. ओळख जुनी असून भागत नाही, ती कालपर्यंतची ताजी लागते. खेळातही हेच घडते. आपली टोळी जोरात असताना आणि शत्रूचा सरदार पळायच्या बेतात असताना धुके सोडणे म्हणजे त्याच्यासाठी दिवे विझवण्यासारखे आहे.

रात्रीच्या लढायांच्या तिथी काढून पाहिल्या तर ही निवड योगायोगाची वाटत नाही. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे सिंहगडावर चढले, ती रात्र माघ वद्य नवमीची. तानाजींचे उमरठ पोलादपूर तालुक्यातले. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावरच उगवतो. कडा चढायला काळोख पुरतो आणि उत्तररात्री थोडा उजेड मिळतो. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या ६० माणसांनिशी पन्हाळा घेतला, ती फाल्गुन वद्य त्रयोदशी. त्या रात्री चंद्र पहाटेच्या सुमारास उगवतो. ६० माणसांची कमी संख्या झाकायला रात्रभर काळोख हवाच होता. सिंहगडाच्या रात्रीतली आणखी एक गोष्ट मोलाची आहे. गड हाती आल्यावर मावळ्यांनी वर आग लावली आणि राजगडावर महाराजांना ती खूण पोहोचली. जोवर न दिसण्यात फायदा होता तोवर ते दिसले नाहीत; काम झाल्यावर सगळ्या मुलखाला दिसेल असा जाळ केला. अंधार कधी पाडायचा यावर खेळाडू बराच खल करतात. तो कधी उठवायचा हे क्वचितच कुणी आधी ठरवते. ‘डार्कनेस’ वस्तूवर बसवता येतो आणि ती वस्तू डबीत झाकली की काळोख लोपतो. झाकण उघडले की परत. ही सोय नियमात लिहिलेली आहे, पण हवा तेव्हा अंधार आणि हवा तेव्हा उजेड असा तिचा वापर टेबलावर फार कमी होतो.

त्याच रात्री अंधाराची किंमतही मोजावी लागली. गडाचा मोगल किल्लेदार उदेभान याच्याशी लढताना तानाजी पडले आणि माणसांचा धीर सुटला; तानाजींचे भाऊ सूर्याजी यांनी ती सावरली नसती तर गड हातचा गेला असता. उजेडात पडलेल्या सरदाराची जागा दुसरा घेताना सगळ्यांना दिसतो. अंधारात सरदार पडल्याची आवई तेवढी पसरते. खेळाच्या नियमात ही जोखीम मांत्रिकाच्या ‘कॉन्सन्ट्रेशन’मध्ये आहे. धुके असो वा काळोख, तो टिकवायला मांत्रिकाचे चित्त एकाग्र राहावे लागते. त्याला जखम झाली तर फाशाची कसोटी लागते आणि ती हुकली की धुके क्षणात विरते. ताशी दहा मैल वेगाचा वारा सुटला तरी धुक्याचे तेच. म्हणजे सगळ्यांचा आडोसा एका माणसाच्या चित्तावर उभा असतो. तो मोडला तर कोण काय करणार, हे ज्या टोळीने ठरवलेले नसते ती टोळी उघड्यावर सापडते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. समान आंधळेपणाचा कुणालाच फायदा नाही, हे मी वर म्हटले. पण दुबळ्याला तो होतोच की. समोरचा चौपट ताकदीचा असेल तर सगळ्यांना चाचपडायला लावणे हेही थोडे नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही, अधिक नेमके होते. जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, ती रात्र आषाढी पौर्णिमेची. आकाश निरभ्र असते तर लख्ख चांदणे पडले असते, पण पावसाने वेढ्याच्या पहाऱ्याला ढिलाई आणली होती. महाराजांना त्या रात्री कुणाला मारायचे नव्हते, निघून जायचे होते. निघून जाणाऱ्याला अचूक घाव लागत नाही, वाट लागते. पाठलाग करणाऱ्याला मात्र माणूस दिसावा लागतो. तिथे सारखाच आंधळेपणाही सारखा राहत नाही. खेळातले नियमही याला दुजोरा देतात. धुक्यात एकमेकांवर घाव घालण्याचा भाव ५० चा ५० राहतो, पण ‘जो तुला दिसतो त्याच्यावर’ अशी अट असलेले शत्रूचे मंत्र निकामी होतात, आणि पाठ फिरवून जाणाऱ्यावर जो फुकटचा वार करता येतो, तोही माणूस दिसल्याशिवाय करता येत नाही. तेव्हा जिंकण्यासाठी नजर अडवायची असेल तर आपल्याकडे ओळख, खूण आणि जागा हवी. निसटण्यासाठी अडवायची असेल तर नुसता पडदाही पुरतो. दोन्ही हेतू एकाच मंत्राने साधतात, म्हणून तो मारण्याआधी आपला हेतू कोणता हे ठरवणे भाग आहे. लढायचे की निघायचे याचा निर्णय धुके पसरल्यावर घ्यायला बसणारी टोळी दोन्हीकडून जाते.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्या रात्री माणसांनी प्राण दिले, त्या रात्री फाशांच्या आकडेमोडीत आणणे हा इतिहासाचा पोरखेळ नाही का? मला उलटी भीती वाटते. आपण या लढाया इतक्या वेळा निव्वळ शौर्याच्या गोष्टी म्हणून सांगितल्या आहेत, की त्यांतली बुद्धी झाकली गेली आहे. कडा चढणारा माणूस शूर होता, एवढे सांगून आपण थांबतो. तो कोणत्या तिथीला चढला, चंद्र केव्हा उगवणार होता, खूण कोणती ठरली होती, हे विचारत नाही. हे विचारल्याने शौर्य कमी होत नाही. चंद्र उगवायच्या आत कडा संपवायचा आहे हे माहीत असलेल्या माणसाच्या हातापायांतली घाई त्यानंतर कुठे आपल्याला जाणवते. आणि यात कपट आहे असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, की दिसणे-न दिसणे हे रणांगणावर डोंगर-नदीसारखेच असते. त्याचा विचार न करणाऱ्या सेनापतीला कुणी सरळमार्गी म्हणत नाही. त्याच्या चुकीची किंमत त्याची माणसे देतात.

तिसरा आक्षेप असा, की खेळ परका, मंत्र काल्पनिक. घाटाखालच्या गावांशी त्याचा संबंध काय? मंत्र काल्पनिक आहेत, पण त्यांनी विचारलेला प्रश्न काल्पनिक नाही. तो जावळीच्या कारवीत आणि आंबेनळीच्या धुक्यात उभा आहे. परकेपणाचे म्हणाल, तर या खेळाला कागद, पेन्सिल, फासे आणि सांगता येणारी गोष्ट एवढेच लागते, आणि गोष्ट सांगणे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली आहेत. ते कुणीही मराठीत आणावेत, त्यात ड्रॅगनऐवजी घाट आणि मनोऱ्याऐवजी माची घालावी. शाळांनी आणि वाचनालयांनी हे करून पाहायला हवे. सनावळी पाठ करणाऱ्या मुलाला १६५९ हा आकडा आठवेल. सूत्रधाराने ‘तू पारच्या छावणीत पहाऱ्यावर आहेस, तुला काय दिसते?’ असे विचारलेल्या मुलाला पारभोवतीचे रान आठवेल.

याची सुरुवात करायला नवा पट आणण्याचीही गरज नाही. दिवाळीत घरोघरी पोरे माती-दगडांचे किल्ले करतात. हळीव पेरून रान करतात आणि मातीचे मावळे उभे करतात. बहुतेक मावळे जिथे चांगले दिसतील तिथे मांडलेले असतात: तटावर, दरवाजात, रस्त्याच्या कडेला. यंदा एक दोरा घ्यावा. त्याचे एक टोक बुरुजावरच्या पहारेकऱ्याच्या डोळ्याशी धरावे आणि दुसरे एकेका मावळ्यापर्यंत ताणत न्यावे. जिथे दोरा सरळ पोहोचला तिथला मावळा दिसला, म्हणजे पकडला गेला. जिथे दोरा सोंडेला अडला तिथला वाचला. मग मुलाला एवढेच विचारावे, की आता त्या लपलेल्या मावळ्याला निघायची वेळ झाली हे कळणार कसे? मूल जरा वेळ किल्ल्याकडे पाहील आणि बुरुजावर तोफ ठेवायला जागा शोधू लागेल.